चौथ्या ओळीतलं नाव

लोक मला ‘कार्डवाली बाई’ म्हणतात. माझ्या पदाचं खरं नाव आरोग्यमित्र आहे, पण बारा वर्षांत त्या नावानं मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. एकदा पुसेगावच्या एका आजोबांनी टेबलावरची पाटी मोठ्यानं वाचली आणि मला विचारलं, “मित्र लिवलंय आन् बसलीय बाई. मित्र कुठं गेला?”

मी म्हटलं, “आजोबा, मीच मित्र.”

“मग आधी पानी पाज,” ते म्हणाले. मी पाजलं. नंतर कळलं की ते आजारी नव्हतेच. नातवाला भेटायला आले होते आणि वॉर्ड सापडत नव्हता.

हिंगोलीच्या एका दवाखान्यात दाराशीच माझं टेबल आहे. गरिबांसाठी सरकारची जी आरोग्य योजना आहे तिचं काम मी करते. काम सांगायला सोपं आहे. पेशंट येतो. डॉक्टर सांगतात, याचं अमुक ऑपरेशन करायचं आहे. मी पेशंटचं रेशन कार्ड आणि आधार बघते, कार्डाचा नंबर कॉम्प्युटरवर टाकते. त्या कार्डावर पेशंटचं नाव दिसलं, की डॉक्टरांचे कागद आणि पेशंटचा फोटो चढवते. वरून मंजुरी आली की ऑपरेशन होतं आणि घरच्यांना एक रुपया भरावा लागत नाही. माझ्या हातात ना सुई, ना कात्री. पण माझ्या स्क्रीनवर हिरवी ओळ आली नाही, तर सुई आणि कात्री जागची हलत नाहीत.

या कामातल्या काही खुब्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. वसमतकडच्या, कुरुंद्याकडच्या बाया हळदीचं काम करतात. हळद शिजवून, वाळवून, घासून त्यांच्या अंगठ्यांवरच्या रेषा गुळगुळीत झालेल्या असतात. यंत्र म्हणतं, अंगठा जुळत नाही. मग मी त्यांना कोमट पाण्यानं हात धुवायला लावते आणि अंगठा केसांवरून फिरवायला सांगते. केसातल्या तेलानं रेषा उठतात. एक आजी हसून म्हणाली होती, “जलमभर हळद केली, तवा सरकार म्हनतं तू तू न्हाईस.” पाचव्या खेपेला तिचा अंगठा जुळला, तेव्हा तिनं यंत्रालाच नमस्कार केला.

मी गोरेगावची. माझे अब्बा मणियार. सेनगाव, गोरेगावच्या बाजारात आणि आजूबाजूच्या बंजारा तांड्यांवर जाऊन त्यांनी बायकांना बांगड्या भरल्या. आता फिरणं होत नाही, म्हणून छोटं दुकान घेऊन बसतात. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मराठी शाळेत शिकले, हिंगोलीच्या कॉलेजात बी. ए. झाले. निकालाच्या दिवशी अब्बांनी बाजारातल्या प्रत्येक बाईला एक बांगडी फुकट भरली होती. या नोकरीचा कागद हातात आला तेव्हा मला वाटलं, ज्या लोकांच्या हातांवर अब्बांचं घर चाललं, त्यांच्या उपयोगी पडायची संधी मिळाली. आजही तसंच वाटतं. हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

पण मला एक खोड आहे. मला कागद नीटनेटका लागतो. ज्याचं नाव जिथं असायला पाहिजे तिथंच असावं, असं मला वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत मी बघितलं, की लोकांची रेशन कार्डं म्हणजे जुन्या गाठोड्यासारखी झाली होती. मेलेल्या माणसांची नावं तशीच, जन्मलेल्या लेकरांची नाहीतच, आणि लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी माहेरच्या कार्डावर. म्हणून सुटीच्या दिवशी मी गावोगावी शिबिरं घ्यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माईक लावायचे आणि सांगायचे, “मुलीचं लग्न झालं की महिनाभरात तिचं नाव कमी करा. एका माणसाचं नाव दोन्हीकडे नसतं. लग्न झालेल्या मुलीचं नाव ठेवून धान्य उचलणं हा गुन्हा आहे.” उदाहरण म्हणून माझं स्वतःचं सांगायचे. लग्नानंतर आठव्या दिवशी मी सेनगावला जाऊन अब्बांच्या कार्डावरचं माझं नाव कापून आणलं होतं. लोक कौतुकानं मान हलवायचे. एक गोष्ट मात्र मी माईकवर कधी सांगितली नाही. कापलेलं कार्ड मी अब्बांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, “इतनी जल्दी क्या थी, बेटा?”

अर्ज लिहायला लोकांना जमत नाही, म्हणून शिबिरात अर्ज मी माझ्या हातानं लिहायचे, वडलांचा अंगठा किंवा सही घ्यायचे आणि सांगायचे, उद्या सेनगावला पुरवठा विभागात नेऊन द्या. मग माझ्या वहीत त्या मुलीच्या नावापुढे ‘कमी केले’ असं लिहून बरोबरची खूण करायचे. ती वही अजून माझ्याकडे आहे. किती खुणा!

आता नियमाचं सांगते. आधी योजनेचा नियम ऐसपैस होता. कार्डावर नाव नसलं तरी तहसीलचा दाखला चालायचा. कार्ड जुनं असलं, फाटलं असलं, तरी चालायचं. मग वरून नवं पत्रक आलं. फक्त चालू कार्ड धरायचं. कार्डावरच्या ज्या माणसानं रेशन दुकानात यंत्रावर अंगठा दिला असेल, तेवढाच धरायचा. ज्यांचा अंगठा मुदतीत लागला नाही त्यांची नावं बंद. घरातल्या कुणाचाच लागला नाही तर कार्डच बंद. दाखला चालणार नाही. पत्रक मी दोनदा वाचलं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. मला वाटलं, चला, आता सगळं स्वच्छ होईल.

कपात झाली असं त्या पत्रकात कुठेही लिहिलेलं नव्हतं. कपात माझ्या स्क्रीनवर आली, लाल ओळ होऊन. पहिल्या आठवड्यात मला वाटलं नेट नीट चालत नाही. मग एकेक चेहरे दिसायला लागले. ऊसतोडीला गेलेले. गुळगुळीत अंगठ्यांचे. अंथरुणावरून उठू न शकणारे, ज्यांना रेशन दुकानापर्यंत कोण उचलून नेणार? आणि आणखी एक जात, जिचा मी विचारच केला नव्हता. माहेरून नाव कापलेलं, सासरी अजून चढलेलं नाही, अशा बाया. लाल ओळ बघून कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. लोक कागद पुन्हा पिशवीत घालायचे, “बरं ताई” म्हणायचे आणि जायचे.

अशीच एक रेखा. पुसेगावची सून, तिशीच्या आतली. विहिरीच्या काठावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. तिचं माहेरचं नाव माझ्याच शिबिरात कापलेलं होतं. सासरच्यांनी चढवायला दिलं होतं, पण ते काम कुठल्यातरी टेबलावर अडकलं होतं. आधी असतं तर दाखल्यावर माझ्या टेबलावर संध्याकाळपर्यंत मंजुरी आली असती. मी चार ठिकाणी फोन केले. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं, चिठ्ठी लिहून दिली. घरच्यांनी तिला परस्पर हाड बसवणाऱ्याकडे नेलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आजही पुसेगावच्या बाजारात ती दिसते. एक पाय ओढत येते, मला बघून हसते, “कशा हाव ताई?” म्हणते. तिला माहीत नाही की अर्जावरचं अक्षर माझं होतं. मी तिला सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

शीला आली ती यानंतर दोनेक महिन्यांनी.

गोरेगावजवळच्या तांड्यावरचे सोमलाकाका मला लहानपणापासून ओळखतात. अब्बा तांड्यावर गेले की त्यांच्याच ओसरीवर बांगड्यांची पेटी उघडायचे. शीला त्यांची एकुलती लेक. तिच्या लग्नाचा चुडा अब्बांनीच भरला होता. तिचं सासर कुरुंद्याच्या बाजूच्या तांड्यावर. नवरा विलास साधा, कष्टाळू मुलगा, घरचे सगळे हंगामात ऊसतोडीला जाणारे.

त्या दिवशी शीला, विलास आणि सोमलाकाका माझ्या टेबलाशी आले. शीलाला पाचवा महिना होता. दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागायची. आमच्याकडे महिन्यातून दोनदा येणाऱ्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. लहानपणी तिला ताप आणि सांधेदुखी झाली होती, ती अंगावर काढली, आणि त्यातून हृदयाची एक झडप अरुंद होत गेली. एरवी तिनं तसंच रेटलं असतं. पण पोटात लेकरू वाढतं तसं रक्त वाढतं आणि अरुंद दारातून ते जाईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. नांदेडला नेऊन मांडीच्या शिरेतून एक फुगा आत घालायचा, तो फुगवून झडप मोकळी करायची. आठ-दहा दिवसांत व्हायला पाहिजे. सातवा लागला तर आई आणि लेकरू, दोघांचंही सांगता येणार नाही.

विलासनं कार्ड पुढे केलं. मी नंबर टाकला. लाल. मुदतीच्या वेळी सगळं घर उसाच्या फडात होतं. तिकडच्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा दिला असता तरी चाललं असतं, पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कार्ड बंद. आणि बंद कार्डावरही शीलाचं नाव नव्हतंच.

“हिचं नाव का चढवलं नाही?” मी विचारलं.

“चढवायला गेलतो ना ताई,” विलास म्हणाला. “ते म्हणले, माहेरचं नाव कापल्याचा कागद आना. मामांना चारदा म्हणलं. मामा म्हणतेत, देतो, देतो.”

मी सोमलाकाकांकडे बघितलं. ते भिंतीशी बाकावर बसले होते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून.

“काका, तुमच्याकडचं नाव तर आपण शिबिरातच कमी केलं. मीच अर्ज लिहिला होता.”

“व्हय,” ते म्हणाले आणि खाली बघायला लागले.

मी ड्रॉवरमधून वही काढली. शीला, सोमलाकाकांची मुलगी. पुढे माझं सुबक अक्षर, ‘कमी केले’, आणि बरोबरची खूण.  पुन्हा तेच. माहेरी नाही, सासरी नाही, आणि मधल्या फटीत ढकलणारा हात माझाच.

त्या वेळी दोन मिनिटं काढून मी काकांच्या कार्डाचा नंबर विचारला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. आमच्या यंत्रावर कार्डाच्या नंबरानं शोधता येतं, माणसाच्या नावानं नाही. पण मी विचारलं नाही. माझ्या वहीत खूण होती ना!

मी तहसीलला फोन लावला. नवं नाव चढवून, अंगठा लागून, ते आमच्या यंत्रावर दिसायला तीन-चार आठवडे. दूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी केली. तिथंही फुग्याच्या सामानाला हीच मंजुरी लागत होती. विलास म्हणाला, “ताई, मुकादमाकडून उचल घेतो.” शीलानं त्याच्याकडे बघितलं आणि धापा टाकत म्हणाली, “घे. मंग पुढल्या साली लेकरू पाठीला बांधून मीच तोडते ऊस.” बोलली ते हसत, पण आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

मी त्यांना म्हटलं, उद्या या, काहीतरी करते. काय करणार होते, माझं मला माहीत नव्हतं. निघताना सोमलाकाका दाराशी थांबले, तोंड उघडलं, आणि काही न बोलता गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अब्बांचा फोन आला. माझ्या कामाच्या वेळेत अब्बा कधी फोन करत नाहीत.

“बेटा, काम में है क्या?”

“हां अब्बा. बोलो.”

“सोमला आको बैठा है दुकान पे. चाय बी नको बोलता. रो रहा.”

“क्या हुआ?”

“वो तेरे पास आको बोलेगा. जीप में बिठा दिया मैंने समझ. तू खाली सुन ले. उसको डाँटना नक्को.”

“मैं काहे को डाँटूँगी अब्बा?”

 अब्बा म्हणाले, “तू डाँटती है बेटा. अच्छे काम के वास्ते डाँटती, मगर डाँटती है.”

दुपारी सोमलाकाका आले. विलास आणि शीला आधीच बाकावर बसले होते. काकांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि स्वतः दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, जणू पिशवीत साप होता. आत एका फडक्यात त्यांचं रेशन कार्ड होतं आणि चार घड्या घातलेला एक कागद. मी उलगडला. माझंच अक्षर. ‘माझी मुलगी शीला हिचा विवाह झाला असल्याने तिचे नाव कमी करावे.’ खाली काकांचा अंगठा. वर तहसीलचा शिक्का नाही, पोच नाही. घड्यांवर कागद फाटायला आला होता.

“हा तुम्ही दिलाच नाही?”

“न्हाई दिला.”

“काहून?”

 ते एकदम बोलायला लागले. “सेनगावपोतर गेलतो ताई. हापिसाच्या दारात उभा राहिलो. मंग वाटलं, लगीन झालं तवा तांड्यावर बायांनी ढावलो म्हणला, पोरगी रडत गेली. ते झालं, रीतच हाय. आता कागदावरून बी तिला काहाडून देऊ? एकदा लावली ना वाटंला. दोनदा कोण लावतं?”

ढावलो म्हणजे लेक सासरी जाताना तांड्यावर रडत रडत म्हणायची गाणी. मी लहानपणी अब्बांच्या मागे पेटी धरून ती ऐकली आहेत.

विलास उठून उभा राहिला. “मामा, मी चारदा इचारलं तुमाला!”

“तू इचारलं. म्या काय सांगू? कापलंच न्हाई म्हणून सांगू?”

“आणि तिच्या वाटचं धान्य?” मी विचारलं. हे विचारताना माझा आवाज माईकवरचा झाला असावा, कारण शीला मधेच बोलली.

“ताई, ते मलाच आणून देते बापू. दर महिन्याला पिशवी घिऊन येते. सासूबाई म्हणते, तुझ्या बापाला गहू आणायची लईच हौस.”

“तेवढंच तोंड दिसतं,” काका म्हणाले. “मोकळ्या हातानं लेकीच्या घरी कितींदा जावं? लोक नावं ठेवतेत.”

“मग हे काल का नाही सांगितलंत?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. “तुमीच माईकवर म्हणल्या ना, नाव ठेवनं गुन्हा हाय. मला वाटलं हितंच धरतेत. मला धरलं तर धरा. पण आदी पोरीचं काम होऊ द्या.”

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. ज्या माणसाच्या पिशवीत लेकीचा जीव होता, त्याचं तोंड माझ्या शिस्तीनं बंद केलं होतं.

पण अजून एक प्रश्न होता. नाव असलं तरी अंगठा लागलेला हवा. ती तर सासरी. मी काही न विचारता नंबर टाकला. यंत्र फिरत राहिलं. पहिली ओळ सोमलाकाका, हिरवी. दुसरी ओळ त्यांची बायको, हिरवी. तिसरी ओळ मुलगा, हिरवी. चौथी ओळ, शीला.

हिरवी.

“अंगठा कधी दिलास गं?” मी विचारलं.

“तीजेच्या सणाला गेलते तांड्यावर,” शीला म्हणाली. “बापू म्हणले, दुकानात चल, यंत्रावर बोट ठीव. मला वाटलं गव्हासाठीच असंल.”

मी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

आता माझ्यातली कार्डवाली बाई जागी झाली. हे चालेल का? मी आमच्या जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं.

“कार्ड चालू आहे?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

“नाव आहे? अंगठा आहे? आधार जुळतंय?”

“हो सर. पण तिचं लग्न झालंय.”

“मॅडम, यंत्रात लग्नाचा रकाना आहे का?”

“नाही सर.”

“मग तुम्ही कशाला काढताय?”

तरी मी काढला. शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, ‘रुग्ण विवाहित, नाव माहेरच्या शिधापत्रिकेवर.’ विलास माझ्या खांद्यावरून बघत होता. “ताई, नका ना लिहू. काहून इस्तवात हात घालता?” मी म्हटलं, “आज लपवलं आणि नांदेडला टेबलावर घेतल्यावर कुणी विचारलं, तर तिथून परत पाठवतील. विचारायचं ते आताच विचारू दे.” मी बरोबर होते की नाही, मला खात्री नव्हती. कागद चढवले आणि आम्ही चौघं त्या स्क्रीनकडे चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं बघत बसलो.

दोन तासांनी उत्तर आलं. मंजुरी नव्हती, प्रश्न होता. ‘विवाहित असताना नाव माहेरी कसे? खुलासा करावा.’

विलासनं कपाळाला हात लावला. सोमलाकाका हळूच उठले आणि दाराच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मला वाटतं, पोलीस कुठून येतात ते बघत होते.

खुलासा मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. शेवटी लिहिलं, ‘नाव कमी केलेले नाही. सासरच्या किंवा अन्य कोणत्याही शिधापत्रिकेवर नाव नाही. रुग्ण दुहेरी लाभ घेत नाही.’ तीनच वाक्यं. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालं होतं मला, पण यापेक्षा चांगलं काही मी लिहिलेलं नाही.

माझी सुटायची वेळ झाली. मी सुटले नाही. झाडूवाल्या मावशी येऊन पाय वर घ्या म्हणाल्या, आम्ही तिघांनी पाय वर घेतले. पाय वर असतानाच मंजुरी आली.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं.  शीलानं पदराखालून भाकरी काढली आणि खायला सुरुवात केली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. विलास बाहेर जाऊन नांदेडची गाडी बघायला लागला. सोमलाकाका दाराशीच होते.

“म्हंजे,” त्यांनी विचारलं, “मला धरनार न्हाईत?”

“नाही काका.”

“नक्की ना?”

“तुम्हाला धरायचं तर आधी मला धरावं लागेल. अर्ज माझ्या अक्षरात आहे.”

ते हसले. बारा वर्षांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. घरी जाताना मी अब्बांना फोन केला. ते म्हणाले, “डाँटा तो नहीं ना?” मी म्हटलं, “थोडा. गेहूँ के वास्ते.”

नांदेडला झडप मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी शीलानं विलासच्या फोनवरून मला सांगितलं, “ताई, मी आज आडवी झोपले.” ज्यांना ती धाप माहीत नाही त्यांना या वाक्याचा अर्थ कळणार नाही. कित्येक आठवडे ती भिंतीला टेकून बसून झोपत होती. पुढे दिवस भरले आणि मुलगी झाली.

त्यानंतर मी माझ्या शिबिरांची भाषा बदलली. आता माईकवर सांगते, सासरचं कार्ड चालू आहे का ते आधी बघा, तिथलं काम पक्कं करून घ्या, मग इथलं नाव कमी करा, आणि हे दोन्ही कागद एकाच दिवशी हलवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांना सांगते, तिकडच्या दुकानातही अंगठा चालतो. गुन्हा हा शब्द वापरत नाही. जुन्या वहीतल्या खुणा घेऊन मी एकेक घर पुन्हा विचारते आहे. काही मुली दोन्हीकडे नाहीत असं कळतं, त्यांच्या मागे लागते. काहींचं काम होतं. लाल ओळी थांबलेल्या नाहीत. नियम तोच आहे. मी तो बदलू शकत नाही. रेखाचा पायही सरळ करू शकत नाही. पण टेबलासमोर कुणी गप्प बसलं, तर आता मी कार्डाचा नंबर सोडून आधी त्याचं तोंड बघते.

लेकरू तीन महिन्यांचं झाल्यावर सगळे मला दाखवायला आले. शीलाच्या अंगावर रंग चढला होता. अब्बांनी शीलाच्या लेकीसाठी काळ्या मण्यांच्या इवल्याशा बांगड्या पाठवल्या होत्या, त्या मी तिच्या हातात घातल्या. विलास म्हणाला, त्यांच्या कार्डाचं काम झालं आहे, दोन-चार दिवसांत चालू होईल असं दुकानदार म्हणतो. मग त्यानं सासऱ्याकडे बघितलं.

सोमलाकाकांनी खिशातून तो चार घड्यांचा कागद काढला. “घे पोरी,” ते मला म्हणाले. मंजुरी आली त्या दिवसापासून ते मला ताई म्हणत नाहीत. “आता देतो. जावईबापूचं बराबर हाय. किती दिवस अडवून धरू?”

त्यांनी कागद पुढे केला, पण बोटांतून सोडला नाही. मी तसाच तो वाचला. माझं अक्षर, त्यांचा अंगठा, मध्ये घडीवर फाटलेलं शीलाचं नाव.

“काका,” मी म्हटलं, “हा अर्ज आता चालत नाही. नमुना बदललाय.”

“चालत न्हाई?”

“नाही. जुना झाला.”

“मंग ऱ्हाऊ दे,” ते इतक्या घाईनं म्हणाले की शीला खळखळून हसली. धाप न लागता हसली. कागद परत खिशात गेला.

नव्या नमुन्याच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. विलासच्या घरचं कार्ड हिरवं झालेलं मी अजून माझ्या डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. मी ड्रॉवर उघडला नाही.